नरक्याचं औषध, राजगिऱ्याएवढी गाठ

माझे बाबा वनरक्षक होते. चंदगड तालुक्यातल्या जंगलात त्यांची निम्मी नोकरी गेली, आणि ज्या झाडापायी त्यांनी सर्वांत जास्त रात्री जागून काढल्या ते झाड म्हणजे नरक्या. उंचीला बेताचं, दिसायला साधं. फुलोऱ्याला घाण वास येतो, त्यावरून हे नाव पडलं असं बाबा सांगत. चोरून तोडलेल्या नरक्याच्या ढलप्या पोत्यांत भरून रात्रीच्या टेम्पोतून जात. पकडलेली पोती चौकीमागच्या शेडमध्ये थप्पी लावून ठेवलेली असत आणि आम्ही पोरं त्यांच्यावर चढून खेळायचो. हे कशाला चोरतात म्हणून विचारलं की बाबा म्हणत, ‘कॅन्सरच्या औषधाला लागतंय.’ कुठलं औषध, ते शरीरात जाऊन काय करतं, हे आमच्याकडे कुणालाच ठाऊक नव्हतं.

ते औषध माझ्या हातात आलं इंडियानातल्या एका प्रयोगशाळेत, पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी. फिकट पिवळी पूड, चिठ्ठीवर नाव ‘इरिनोटेकान’. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर जगभर देतात ते हे औषध. ते कशापासून बनवतात हे वाचायला बसले, तर मूळ द्रव्य निघालं कॅम्पटोथेसिन. चीनमधल्या एका झाडातून ते वेगळं करून त्याची रचना १९६६ मध्ये जगापुढे ठेवली अमेरिकेतल्या मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. मुंबई विद्यापीठात शिकून ते पुढे गेले आणि १९६२ मध्ये त्यांनी पीएच.डी. केली ती याच इंडियाना राज्यात. पुढे १९७२ मध्ये तेच कॅम्पटोथेसिन भारतातल्या एका झाडात सापडलं. त्या झाडाचं शास्त्रीय नाव वाचून मी दुसऱ्या खिडकीत त्याचं मराठी नाव शोधलं. नरक्या.

त्या रात्री घरी फोन केला. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे ते पोचलं तर तिथपर्यंत.’

पोचलं का, हाच माझ्या प्रयोगाचा प्रश्न होता. फक्त अंतर फार थोडं होतं, अर्धा मिलिमीटर.

कॅन्सरच्या पेशी साध्या प्लास्टिकच्या बशीत वाढवल्या तर त्या तळाला एकाच थरात पसरतात. वरून औषध घातलं की प्रत्येक पेशीला ते सारखंच मिळतं आणि पेशी भराभर मरतात. खरी गाठ अशी नसते. तिच्या आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू नीट जात नाही, अन्न जात नाही आणि औषधही जाईलच असं नाही. बशीत उत्तम ठरलेली कितीतरी औषधं पुढे रुग्णांत निष्प्रभ ठरतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणून प्रयोगशाळेतच पेशींचा भरीव गोळा वाढवायचा. त्याला स्फेरॉइड म्हणतात. हा गोळा एक मिलिमीटरचा झाला, म्हणजे राजगिऱ्याच्या दाण्याएवढा, की त्यात खऱ्या गाठीसारखे थर तयार होतात. बाहेरच्या थरातल्या पेशी जोमाने विभागत असतात, मधल्या थरातल्या जिवंत पण निपचित असतात, आणि गाभ्यातल्या मेलेल्या.

आता औषध यातल्या कुठल्या थरात गेलं हे कळणार कसं? इरिनोटेकान अतिनील प्रकाशाखाली निळसर चमकतं, पहिल्या दिवशी मी बाटली दिव्याखाली धरून ते पाहिलंही होतं. पण ती चमक मूळ औषधाची, की शरीराने त्यातून बनवलेल्या दुसऱ्या द्रव्याची, हे नुसत्या चमकेवरून सांगणं अवघड. आणि इथे तो फरक फार मोठा आहे. इरिनोटेकान स्वतः फारसं मारक नाही. पेशींतली विकरं त्याचा एक तुकडा तोडतात तेव्हा एसएन-३८ नावाचं द्रव्य सुटतं. ते मूळ औषधाच्या शंभर ते हजारपट प्रभावी असतं आणि खरं काम तेच करतं. मास स्पेक्ट्रोमीटर रेणूला त्याच्या वजनावरून ओळखतो. इरिनोटेकान ५८७ वर दिसतं, एसएन-३८ दिसतं ३९३ वर. रेणूला रंग लावायला नको, की शेपूट जोडायला नको. रेणू जसा आहे तसा त्याच्या वजनाने सापडतो, म्हणून मला हे यंत्र आवडलं.

पेशींच्या गोळ्यांवर ही पद्धत वापरायची वाट नोत्रदाम विद्यापीठात अमांडा हमन यांच्या गटाने घालून दिली होती. त्यांचे २०११ आणि २०१३ मधले शोधनिबंध माझ्या टेबलावर कायम उघडे असत. दुसऱ्यामध्ये याच आतड्याच्या पेशी होत्या आणि हेच औषध. मला वाटलं होतं, पाककृती समोर आहे, करून बघायचं एवढंच. प्रत्यक्षात पहिलं भरवशाचं चित्र मिळायला मला अकरा महिने लागले.

गोळे वाढवण्यात फार अडचण आली नाही, सवयीचा भाग आहे तो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या एचसीटी-११६ जातीच्या पेशी, छोट्या वाट्यांच्या प्लेटमध्ये तळाला ॲगारोज या जेलीसारख्या पदार्थाचा थर. त्या थराला पेशी चिकटत नाहीत, म्हणून नाइलाजाने एकमेकींना चिकटतात. एका वाटीत सहा हजार पेशी. प्लेटच्या कडेच्या वाट्यांतलं पाणी लवकर उडतं, म्हणून त्यांत पेशी घालायच्याच नाहीत, नुसतं क्षारद्रावण भरायचं. चौथ्या दिवसापासून एक दिवसाआड निम्मं पोषकद्रव्य काढून नवं घालायचं. हात जरा घाईचा झाला की पिपेटच्या टोकातून गोळाच वर येतो. उचलायची वेळ आली की पिपेटचं टोक कात्रीने कापून तोंड रुंद करायचं, नाहीतर गोळा कडेने खरवडला जातो आणि नेमका बाहेरचा थर निघून जातो. दोन आठवड्यांत गोळे तयार.

मग औषध. वीस मायक्रोमोलर, आणि तीन वेळा: सहा तास, चोवीस तास, बहात्तर तास. प्रत्येक वेळेला सोबत काही गोळे बिनऔषधाचे, ज्यांना औषध विरघळवायचं द्रावण तेवढं दिलेलं.

त्यानंतरच्या कामात माझा खरा कस लागला. गोळा धुऊन कोमट जिलेटिनमध्ये ठेवायचा आणि शुष्क बर्फावर गोठवायचा. रुग्णालयांत ऊती गोठवायला जो तयार गोंद वापरतात तो इथे चालत नाही, त्यातली पॉलिमर मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये इतका गोंगाट करतात की औषध ऐकूच येत नाही. म्हणून जिलेटिन. गोठलेल्या ठोकळ्याचे क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे गोठवून पातळ काप घेणाऱ्या यंत्रात, उणे पंचवीस अंशांवर बारा मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप ब्रशने सरळ करून एका खास काचेवर ठेवायचा. या काचेच्या एकाच बाजूला वीज वाहून नेणारा पातळ थर असतो आणि डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, तेव्हा दर वेळी मल्टिमीटर लावून बाजू तपासायची.

कापांबद्दल एक गोष्ट कुठल्या शोधनिबंधात ठळकपणे लिहिलेली नव्हती, ती मला हाताने शिकावी लागली. एका गोळ्याचे ऐंशीएक काप निघतात. कलिंगड टोकाजवळ कापलं तर चकतीत सालीजवळचा पांढरा गरच जास्त येतो, लाल गर मधल्या चकतीत दिसतो. गोळ्याचंही तसंच. टोकाजवळच्या कापाचा मध्य हा गोळ्याचा मध्य नव्हे, तो बाहेरच्या थराचाच भाग. असा काप यंत्रात घातला तर औषध मध्यापर्यंत पोचल्याचं चित्र येतं आणि ते साफ खोटं असतं. म्हणून मी पहिल्या कापापासून शेवटच्यापर्यंत मोजणी ठेवायला लागले, सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येकाचा व्यास वहीत लिहायला लागले आणि सगळ्यांत रुंद तीन काप तेवढेच पुढे न्यायला लागले. एका गोळ्यामागे चार तास जात. पण त्या वहीशिवाय मी आज एकाही चित्राबद्दल खात्रीने बोलू शकले नसते.

काप सुकला की त्यावर मॅट्रिक्सचा फवारा. मॅट्रिक्स म्हणजे लेझरची ऊर्जा शोषून घेणारं एक स्फटिकी आम्ल. काप जसाच्या तसा लेझरखाली धरला तर रेणूंचे तुकडे होतील. मॅट्रिक्स तो मार स्वतः घेतं आणि औषधाच्या रेणूला विद्युतभार देऊन अलगद वर उडवतं. रेणू मग निर्वात नळीतून धावतो. हलका आधी पोचतो, जड मागून, आणि त्या वेळेवरून वजन निघतं. लेझर एका ठिपक्यावर मारायचा, पन्नास मायक्रॉन सरकायचं, पुन्हा मारायचा. एक मिलिमीटरच्या कापावर असे तीनशेच्या आसपास ठिपके बसतात. प्रत्येक ठिपक्याचा स्वतंत्र वर्णपट, म्हणजे तिथे कुठल्या वजनाचे रेणू किती आहेत याचा आलेख. त्यातली ५८७ ची उंची तेवढी उचलून रंगात मांडली की औषधाचा नकाशा तयार.

पहिला नकाशा आला तो जानेवारीत. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि यंत्र रात्रभर चालू होतं. सकाळी पडद्यावर पाहिलं तर सहा तासांचा गोळा काठापासून मध्यापर्यंत झळझळीत पिवळा. सहा तासांत औषध थेट गाभ्यात. मी आनंदाने चित्र गोल कापून घेतलं, मोठं केलं आणि माझ्या गाईडला दाखवलं.

त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, ‘गोल का कापलंस? बाहेर जिलेटिनमध्ये काय दिसतंय?’

मी मूळ फाइल उघडली. जिलेटिनही पिवळंच होतं. गोळ्याच्या आत जितकं औषध, जवळजवळ तितकंच बाहेर, जिथे एकही पेशी नव्हती. म्हणजे मी औषधाचा पेशींतला प्रवास टिपलाच नव्हता. औषध माझ्याच हाताखाली काचेवर पसरलं होतं.

तो दिवस मला फार जड गेला. चित्र चुकलं याहून जास्त हे लागलं की चुकीची खूण फाइलमध्येच होती आणि तेवढीच मी कापून टाकली होती. तेव्हापासून मी कुठलंही चित्र कापत नाही. बैठकीत दाखवतानाही चहूबाजूंनी जिलेटिनची पट्टी ठेवते.

कारणं शोधायला पुढचे चार महिने गेले. फवारा जास्त ओला होता हे आधी कळलं. द्रावण काचेवर पडून सुकायला जेवढा वेळ घेईल तेवढा वेळ औषधाचे रेणू त्यात विरघळून इकडेतिकडे जातात. फवाऱ्याचा वेग कमी केला, तापमान वाढवलं, एका जाड थराऐवजी बरेच पातळ थर दिले. पसरणं कमी झालं, पण गेलं नाही. मग मी एकाच जिलेटिनच्या ठोकळ्यात दोन गोळे शेजारी ठेवले, एक औषधाचा आणि एक कोरा. कोऱ्या गोळ्यावर ५८७ दिसता कामा नये. पण दिसलं, शेजाऱ्याच्या बाजूच्या काठावर, चंद्रकोरीसारखं. म्हणजे फवाऱ्याच्याही आधी, जिलेटिन अजून पातळ असतानाच औषध एकातून सुटून दुसऱ्यापर्यंत जात होतं. गोळा नीट धुतला जात नव्हता आणि कोमट जिलेटिनमध्ये फार वेळ बसत होता. थंड क्षारद्रावणात तीन वेळा धुणं आणि जिलेटिनमध्ये ठेवल्यावर मिनिटभरात बर्फावर नेणं, एवढं केल्यावर ती चंद्रकोर गेली. कोरा शेजारी मात्र मी अजूनही प्रत्येक ठोकळ्यात ठेवते. यंत्राने कितीही सुंदर चित्र दिलं तरी कोऱ्या गोळ्याने संमती दिल्याशिवाय ते वहीत जात नाही.

आणखी एक शंका उरली होती. गाभ्यातल्या मेलेल्या पेशी आणि काठाच्या जिवंत पेशी यांची रासायनिक घडण वेगळी असते. तेवढंच औषध एका जागी सहज उडतं, दुसरीकडे क्षारांमुळे दबून राहतं. मग उजळ भाग म्हणजे जास्त औषध, की नुसती सोयीची जागा? यावर उपाय म्हणजे त्याच औषधाचा जुळा भाऊ. इरिनोटेकानमधले दहा हायड्रोजन काढून त्या जागी जड हायड्रोजन बसवलेला रेणू. वागणं तेच, वजन दहाने जास्त, म्हणून तो ५९७ वर दिसतो. तो फवाऱ्यातून सगळीकडे सारखा टाकायचा आणि प्रत्येक ठिपक्यावर ५८७ ला ५९७ ने भागायचं. जिथे औषध दबतं तिथे जुळाही दबतो, आणि भागाकार खरा राहतो.

नोव्हेंबरात पुन्हा तिन्ही वेळांचे गोळे एकाच काचेवर लावले. सहा तासांच्या गोळ्यात औषधाचं एक कडं, काठाला चिकटून. चोवीस तासांत ते कडं आतवर जाड झालेलं. बहात्तर तासांत औषध गाभ्यापर्यंत. शेजारचे कोरे गोळे काळे, जिलेटिन काळं. मी त्या खोलीत एकटीच होते. बराच वेळ नुसती बघत बसले.

५८७ वर दिसतंय ते खरंच इरिनोटेकान आहे ना, हे पाहायला तो रेणू यंत्रातच फोडून त्याचे तुकडे मोजले. १२४ चा ओळखीचा तुकडा मिळाला. एसएन-३८ ने मात्र त्रास दिला. मॅट्रिक्सचे स्वतःचेच रेणू ४०० च्या खाली दाटीवाटीने दिसतात, त्यांचा जोडरेणू तर ३७९ वर छाती काढून उभा असतो, आणि ३९३ चा क्षीण आवाज त्या गर्दीत जेमतेम ऐकू येतो. म्हणून काही गोळे चिरडून, गाळून, दुसऱ्या प्रकारच्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये घातले. तिथे एसएन-३८ नि:संशय सापडलं. किती आहे ते कळलं, कुठल्या थरात आहे ते अजून मला हवं तितकं स्पष्ट दिसलेलं नाही.

नकाशा मिळाला म्हणून गाठ मेली असं होत नाही. या जातीचं औषध डीएनएची गुंडाळी सोडवणाऱ्या विकराला डीएनएवरच अडकवून ठेवतं. पेशी विभागायला निघून डीएनएची नक्कल करू लागली की त्या अडकलेल्या जागी धडकते आणि मरते. जी पेशी विभागतच नाही तिला धडकायला काही नाही. औषध मधल्या थरात पोचतं, तिथे ५८७ चा चांगला उजेड दिसतो, आणि त्या थरातल्या पेशी तशाच निपचित बसून राहतात. शेजारचा काप रंगवून पाहिला तेव्हा बाहेरचा थर उद्ध्वस्त झालेला होता आणि मधला बराचसा शाबूत.

हे मी बाबांना फोनवर सांगत होते. बाबा निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण प्रश्न अजून जंगलातलेच असतात. ऐकून घेतल्यावर म्हणाले, ‘नरक्या बुंध्यापासून तोडला ना, तरी खालून फुटवे येतात. तुझं औषध काढून घेतलं तर ते परत फुटतंय काय, बघितलंस काय?’

नव्हतं बघितलं. बहात्तर तास झाले की मी गोळे गोठवत होते. रुग्णाला मात्र हे औषध सलग देत नाहीत. एक मात्रा, मग दोन आठवड्यांची वगैरे विश्रांती, मग पुढची. त्या विश्रांतीत गाठीत काय घडतं हा प्रश्न डॉक्टरांच्या रोजच्या कामातला आहे, आणि माझ्या वहीत त्यासाठी एक पानही नव्हतं.

गाईडशी बोलून नवी प्लेट लावली. बहात्तर तास औषध, मग धुऊन स्वच्छ पोषकद्रव्य, आणि रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली व्यास. पहिले चार दिवस गोळे आक्रसत गेले, काठाचा चुरा वाटीत पडत राहिला. पाचव्या दिवशी आकार थांबला. आज सहावा दिवस. बारांपैकी चार गोळे कालच्यापेक्षा मोठे आहेत, तीस-चाळीस मायक्रॉनांनी. काठ पुन्हा गुळगुळीत दिसतोय.

उद्या त्यातले दोन जिलेटिनमध्ये जातील. एका कापावर विभागणाऱ्या पेशींची खूण करणारा रंग, शेजारच्या कापावर मॅट्रिक्स. जिथे पेशी पुन्हा विभागायला लागल्यात तिथे ५८७ अजून शिल्लक आहे का, ते बघायचंय. कोरा गोळा शेजारी असेलच.